विक्रीआधी फ्लॅटवर २५ हजार खर्च करायचे असतील तर आधी ओल, मग रंग

जुळे सोलापुरातला वरच्या मजल्यावरचा पंधरा वर्षं जुना टू बीएचके विकायचाय, खर्चाला २५ हजार आहेत, हॉलच्या एका भिंतीला पोपडे आलेत. सगळ्या घराला रंग द्यावा की सोफा-पडदे भाड्याने आणावेत, असं तुम्ही विचारलंय.

सोफा-पडदे नकोत. रंगही लगेच नको. घर बघायला आलेला माणूस मनातल्या मनात पुढच्या खर्चाची यादी करत असतो. पोपडा दिसला की तो गळती, गच्ची, स्लॅब सगळंच धरतो आणि भाव पाडून मागतो. तुमचे पैसे त्या यादीतल्या गोष्टींवर लावा.

आधी ओल चालू आहे का ते बघा. पोपड्याशेजारी जिथे रंग धड आहे तिथे फूटभर चौकोनी प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस तसंच ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरले तर पाणी भिंतीतूनच येतंय. मागे बाथरूम असेल तर टाइलांचे सांधे आणि नहाणी ट्रॅपभोवतीची (फरशीतल्या जाळीखाली पाणी धरून गटाराचा वास अडवणाऱ्या भांड्याभोवतीची) फट तपासा. सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरलं की बऱ्याचदा भागतं. ओल छताकडून उतरत असेल तर गच्चीवर पावसाच्या पाइपाच्या तोंडाशी बघा, तिथे कचरा अडकून पाणी तुंबतं. आतला पाइपच फुटला असेल तर मात्र प्लंबरशिवाय इलाज नाही, आणि बजेटचा पहिला हक्क त्याचाच.

मूळ बंद झाल्यावर कडक प्लास्टर लागेपर्यंत पोपडा खरवडा. पांढरा लोणा कोरड्या ब्रशने झाडा; धुवायला गेलात तर क्षार पाण्यात विरघळून परत भिंतीत शिरतो. मग दोन-तीन आठवडे खिडक्या उघड्या ठेवून भिंत वाळवा आणि प्लॅस्टिक पुन्हा लावून बघा. कोरडं निघालं तरच पांढऱ्या सिमेंटची पुट्टी, दोन हात. किलोला साधारण २० चौरस फूट धरा. मग पॉलिश पेपर, प्रायमर, रंग. ओल्या भिंतीवर पुट्टी ओढली तर रंग फुगतो, कधीकधी टोकन घेतल्यानंतर नेमका. म्हणून ओल झाकू नका. दुरुस्ती केली असेल तर काय केलं ते स्पष्ट सांगा.

रंग सगळ्या घराला नको. हॉल आणि स्वयंपाकघर पुरे. १० बाय १४ चा, साडेनऊ फूट उंचीचा हॉल दारं-खिडक्या वजा करून छतासकट साधारण ५२० चौरस फूट भरतो. इमल्शन दोन हातांत लिटरला ६०-७० चौरस फूट जातं, म्हणजे आठ लिटर. १० लिटरची बादली घ्या. मोतिया किंवा फिकट क्रीम द्या. गडद ‘फीचर वॉल’ आवडणारा एक भेटेल, नावडणारे चार. पेंटरकडून मजुरी आणि माल वेगवेगळे लिहून घ्या.

बाथरूममध्ये बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग ही आपल्याकडची कायमची डोकेदुखी. लिंबूसत्त्व दोन मोठे चमचे, लिटरभर गरम पाण्यात. त्यात जुना कपडा भिजवून नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवा, मग घासा. दुकानातलं ॲसिड वापरलं तर नळाची चकाकी जाते आणि टाइलांचे सांधे पोकळ होतात. ते ब्लीचिंगबरोबर तर कधीच नको, विषारी वायू निघतो. शहाबादी फरशीला किंवा कडप्प्याच्या ओट्याला लिंबूसत्त्वसुद्धा लावू नका. दोन्ही चुनखडीचे दगड, आंबट लागलं की कायमचे पांढुरके होतात. साबणाने धुऊन पुरते वाळवा आणि ओट्यावर खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात फिरवा.

घर पूर्ण रिकामं करू नका. रिकाम्या खोलीत पलंग बसेल की नाही याचा अंदाज लोकांना येत नाही. एका बेडरूममध्ये पलंग आणि वर साधी सोलापुरी चादर, हॉलमध्ये दोन खुर्च्या आणि टेबल, एवढं ठेवा. माळ्यावरचं सामान, भिंतीवरची कॅलेंडरं, गॅलरीतली पिंपं मात्र हलवा. एका खोलीत पिवळा आणि पांढरा असे दोन प्रकारचे दिवे नकोत. गळका फ्लश, कुरकुरणारी कडी, अडकणारी सरकती खिडकी ही कामं किरकोळ असतात, पण माणूस हात लावून बघतो तो यांनाच.

घर बंद असेल तर नहाणी ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात आटतं आणि गटाराचा वास वर येतो. आठवड्याला प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता, वर चमचाभर खाद्यतेल टाका, म्हणजे पाणी हळू आटेल.

मे महिन्यात वरच्या मजल्यावरचं घर दुपारी दाखवू नका. सकाळी दहाच्या आत बोलवा, रात्रभर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. उकाड्याचं विचारलं तर लपवू नका.

पहिला प्रश्न बहुधा पाण्याचाच येतो. नळ किती दिवसांनी येतो, हौद किती लिटरचा, बोअर उन्हाळ्यात टिकते का, ही उत्तरं तयार ठेवा. टाकी आधी धुऊन घ्या आणि झाकण उघडून दाखवा. सूची क्रमांक दोन (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या, वीजबिल आणि सोसायटीचं ना हरकत पत्र एका फायलीत टेबलावर असू द्या.