सगळे सुरळीत असताना पडलेला प्रश्न : लग्न कशासाठी?

"आमच्यात भांडण नाही, कोणी तिसरे माणूस नाही, पैशांची ओढाताण नाही; तरीही आम्ही एकत्र का राहतो, हे सांगता येत नाही." समुपदेशनाला येणाऱ्या जोडप्यांकडून ही व्यथा पुष्कळदा ऐकायला मिळते, आणि ती सांगताना माणसे ओशाळतात, कारण दुःख करण्यासारखे काही घडलेलेच नसताना आपण दुःखी आहोत, हे त्यांना स्वतःलाही पटत नसते. पन्नाशी ओलांडलेल्या एका जोडप्याची हकिकत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून येथे देत आहे.

मुले नोकरीनिमित्त दूर गेल्यावर वर्षभराने ही दोघे आली. येण्याचा आग्रह पत्नीचा होता. आपण एकत्र का राहतो, हा त्यांचा प्रश्नच पतींना अन्यायाचा वाटत होता. घर उभे केले, मुलांची शिक्षणे केली, आजारपणे काढली, कोणत्याही कर्तव्यात कसूर केली नाही, मग लग्नाला अर्थ उरला नाही असे म्हणायचे कशावरून, असे त्यांचे म्हणणे होते. पत्नी शांतपणे म्हणाल्या, "यातले काहीच खोटे नाही. पण ती कामे संपली आणि आमच्यातले बोलणेही त्यांच्याबरोबरच संपले."

मी दोघांना वेगवेगळ्या कागदांवर दोन उत्तरे लिहायला सांगितली: लग्न कशासाठी केले, आणि आज ते कशासाठी टिकवता? पहिले उत्तर दोघांचे जवळजवळ सारखे होते. दुसऱ्यापुढे पतींनी "जबाबदारी, सवय, मुलांना काय वाटेल" असे लिहिले. पत्नींनी जागा कोरी ठेवली. स्कॉट स्टॅन्ली आणि हॉवर्ड मार्कमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये वैवाहिक बांधिलकीचे दोन पदर वेगळे करून दाखवले: जोडीदाराविषयीच्या ओढीतून आलेले समर्पण, आणि वेगळे होणे अवघड करणारी बंधने. बंधने मी कमी लेखत नाही. वाईट काळात अनेक संसार त्यांनीच तोलून धरलेले असतात. पण त्यांच्यामुळे माणूस थांबतो एवढेच; कशासाठी थांबायचे, याचे उत्तर त्यांच्याकडे नसते.

पुढच्या एका भेटीत पत्नींनी सहज सांगितले की, कार्यालयात नव्याने आलेल्यांना शिकवण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली आहे. पतींनी लगेच विचारले, "म्हणजे आता घरी यायला उशीर होणार का?" त्या "हो" म्हणाल्या आणि पर्सची चेन लावत बसल्या. मी दोघांना तिथेच थांबवले. पतींच्या बोलण्यात राग नव्हता, त्यांना खरोखर वेळेचीच काळजी होती. पण एक आनंदाची बातमी आली आणि कोणीही तिचे स्वागत न करता ती विरून गेली. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००४ मधील अभ्यासात असे आढळले की, आपल्या चांगल्या बातमीवर जोडीदार मनापासून रस घेतो असे ज्यांना वाटते, त्यांचे नातेही अधिक समाधानाचे असते. शिकवण्याचे हे काम पत्नींना किती दिवसांपासून हवे होते, असे मी पतींना विचारले. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "तिला ते हवे होते, हेच मला माहीत नव्हते."

या प्रश्नाचे मूळ मला बहुतेकदा इथेच सापडते. मुले, घर, आर्थिक आधार, म्हातारपणाची सोय ही लग्नाची खरीखुरी प्रयोजने आहेत; मात्र ती कधी ना कधी पुरी होतात, किंवा त्यांची सोय दुसऱ्या मार्गानेही लागू शकते. मला लग्नाचे सर्वांत टिकाऊ प्रयोजन वेगळे वाटते: आपल्या आयुष्याची वाटचाल जवळून जाणणारे, आपल्या वाढण्याशी आणि खचण्याशी ज्याला देणेघेणे आहे असे एक माणूस असणे, आणि आपणही त्याच्यासाठी तसे असणे. माणसे बदलत राहतात, म्हणून ही ओळख एकदा झाली की कायमची झाली, असे होत नाही. जिथे मारहाण, धाक किंवा सततचा अपमान आहे, तिथे मात्र मी ही चर्चा सुरू करत नाही; तिथे आधी सुरक्षिततेचा विचार व्हायला हवा, आणि म्हणूनच मी दोघांना सुरुवातीला स्वतंत्रपणे भेटते.

या दोघांना मी रोज एकमेकांना एकच प्रश्न विचारायला सांगितले. ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक नाही असा, आणि उत्तरावर सल्ला द्यायचा नाही. सुरुवात अवघडलेली झाली आणि थोड्याच दिवसांत भांडण झाले. "इतकी वर्षे विचारले नाहीस, आता बाईंनी सांगितले म्हणून विचारतोस," असे पत्नींनी ऐकवले. मला ते भांडण आशादायक वाटले, कारण त्यातून बऱ्याच वर्षांचे साचलेले बाहेर आले. मुले लहान असताना त्यांनी बढती नाकारली होती. ती त्यांच्या इच्छेनेच नाकारली, असे पती धरून चालले होते. पतींचीही एक सल होती: वडील गेले तेव्हा पत्नीने सारे घर सांभाळले, पण त्यांच्या मनाचे काय चालले आहे, हे एकदाही विचारले नाही. दोघांनीही कामे चोख केली होती, आणि चोख कामाच्या आड एकमेकांची विचारपूस राहून गेली होती.

काही महिन्यांनी मी तोच दुसरा प्रश्न पुन्हा लिहायला दिला. पतींनी लिहिले, "तिला पुढे काय करायचे आहे ते समजून घ्यायला, आणि त्यात माझा हातभार लागावा म्हणून." पत्नींनी या वेळी पानभर लिहिले आणि त्यात एक अटही घातली: दोघांपैकी कोणाचाही मोठा निर्णय यापुढे गृहीत धरायचा नाही. ही अट आता खुद्द पतींनाच लागू पडली आहे. त्यांना मुदतीआधी निवृत्ती घ्यायची आहे, पत्नींना त्यामुळे उत्पन्नाची चिंता वाटते, आणि पुढच्या भेटीला दोघे जमाखर्चाची वही घेऊन येणार आहेत.