फायबरच्या होडीत तळाच्या नळजोडाभोवती पाणी झिरपते. कोणते सीलंट वापरावे?

गळती जोडाभोवतीच असेल, तर जुना थर पूर्ण खरवडून, जागा कोरडी व तेलकटपणा नसलेली करून सागरी दर्जाचे पॉलियुरेथेन सीलंट लावावे. आवळताना बोल्ट स्थिर धरून नटच फिरवावा, अन्यथा बोल्टभोवतीचा थर तुटतो. थ्रीएम ५२०० हे अशाच प्रकारचे सीलंट जवळपास कायमचे चिकटते आणि पूर्ण घट्ट होण्यास साधारण ७ दिवस घेऊ शकते, म्हणून जो जोड पुन्हा उघडायचा नाही तेथेच ते वापरावे. न्हाणीघरातले सिलिकॉन स्वस्त असले तरी येथे नकोच, कारण त्याचा अंश राहिला की त्यावर रंगही धरत नाही. पॉलिसल्फाइड हे दुसऱ्या प्रकारचे सीलंट लाकडी फळ्यांच्या सांध्यांना उत्तम, परंतु ॲक्रिलिकच्या खिडकीला ते खराब करते. फायबरलाच तडा असल्यास मात्र सीलंट नव्हे, रेझिन (घट्ट होणारा राळेसारखा द्रव) व मॅट (काचतंतूंची चटई) लागेल.