लाकडी डेकवरचे शेवाळ आणि घसरणारा पाय

प्रश्न : बावधन येथील आमच्या सदनिकेच्या गच्चीवर सागवानी फळ्यांचा डेक आहे. पावसाळा लागला की त्यावर हिरवट थर धरतो. सासूबाई रोज तेथून तुळशीपर्यंत जातात. मागील आठवड्यात त्यांचा पाय घसरला. कठडा हाती लागला म्हणून निभावले. चकचकीत पॉलिश मारून घ्या, असे सुतार म्हणतात. तसे करावे का?

उत्तर : पॉलिश कृपया मारून घेऊ नका. त्याचा गुळगुळीत पापुद्रा पावसात अधिकच निसरडा होतो, आणि तो तडकला की पाणी आत शिरून लाकूड खालून काळे पडते. आपला पाय घसरतो तो प्रामुख्याने शेवाळामुळे. पुण्याच्या पश्चिम भागात दिवसेंदिवस रिपरिप चालते, फळ्या वाळत नाहीत, आणि कुंड्यांच्या मागे किंवा भिंतीच्या सावलीत, जेथे माती व पानांचा कुजका गाळ साचतो, तेथे हा थर सर्वांत आधी धरतो.

उघडीप मिळताच कुंड्या हलवून दोन फळ्यांमधल्या फटी बारीक पट्टीने मोकळ्या कराव्यात. या फटी साधारण ५ ते ६ मिलिमीटर असाव्या लागतात. त्या गाळाने बुजल्या की पाणी वरच थांबते. मग फळ्या ओल्या करून, नायलॉनच्या कडक ब्रशने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासाव्यात. नुसत्या घासण्याने शेवाळ निघत नसेल तर सोडियम परकार्बोनेट असलेली क्लीनर पावडर पाकिटावरील प्रमाणात पाण्यात मिसळून आधी एका कोपऱ्यावर वापरून पाहावी, हातमोजे व चष्मा घालावा, आणि ते पाणी तुळशीच्या मुळाशी जाऊ न देता फळ्या भरपूर पाण्याने धुवाव्यात. तारेचा ब्रश आणि जोरदार फवाऱ्याचे यंत्र मात्र टाळावे, कारण त्यांनी लाकडाचे मऊ तंतू उचकटतात व त्या खरबरीत भागात ओल आणि शेवाळ अधिकच घर करतात. न्हाणीघरातले ॲसिड आणि ब्लीच तर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पाणी जाण्याच्या तोंडावरची जाळी दर आठवड्याला पाहावी. कुंड्या पायांच्या स्टँडवर ठेवाव्यात. काथ्याचे पायपुसणे अंथरण्याचा मोह होतो, पण त्याखाली ओल कोंडते.

सासूबाईंसाठी सर्वांत आधी करण्यासारखे काम सोपे आहे : पावसाळाभर तुळस दारालगत आणावी. ते शक्य नसेल तर दारापासून वृंदावनापर्यंत, चालण्याच्या दिशेला आडव्या अशा खरखरीत वाळूयुक्त पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंनी बसवून घ्याव्यात. नुसत्या चिकटवलेल्या पट्ट्या ओल्या लाकडावर टिकत नाहीत. तळ झिजलेल्या सपाता घालून तेथे जाऊ नये.

तेल लावायचे ते पाऊस संपून लाकूड पूर्ण वाळल्यावरच. लाकडात मुरणारे डेक ऑइल पातळ लावून, वर राहिलेले पुसून काढावे. त्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

पट्ट्या बसवण्यापूर्वी प्रत्येक फळी स्क्रूजवळ आणि टोकांपाशी पेचकसाने टोचून पाहावी. टोक सहज आत गेले तर ती फळी कुजली आहे असे समजावे, आणि आधी ती बदलून घ्यावी.