पूल वाढवला तरी ॲप अडकतंच!

प्रश्न: दादा, आमचं मालवणात होमस्टे बुकिंगचं छोटं ॲप आहे, स्प्रिंग बूट (जावा फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस). मे महिन्यात गर्दी झाली की पेज ३० सेकंद लटकतं आणि ‘कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल’ येतं. म्हणून कनेक्शन पूल (डेटाबेसशी आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) १० वरून ५० केला, सर्व्हर दोन आहेत, तर आता ‘टू मेनी क्लायंट्स’ चालू झालंय. काय करू?

उत्तर: अरे, ५० दुणे १००, आणि पोस्टग्रेसची कनेक्शनची डिफॉल्ट मर्यादाच १००, त्यातली ३ सुपरयुजरसाठी (डेटाबेसच्या ॲडमिनसाठी) राखीव, मग भांडण होणारच ना! हिकारी, म्हणजे स्प्रिंग बूटमध्ये हा पूल सांभाळणारी लायब्ररी, तर मिनिमम आयडल (कमीत कमी किती मोकळी कनेक्शन ठेवायची ते) वेगळं दिलं नाही की सगळा पूल भरूनच ठेवतो, गिऱ्हाईक असो नसो. आधी ५० चे परत १० कर. कनेक्शन वाढवून डेटाबेस फास्ट होत नाही, पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस लागते, चार कोअरच्या मशीनवर शंभर जणी रांगेतच उभ्या राहणार.

खरं दुखणं मला वाटतं वेगळंच आहे, कनेक्शन कोणीतरी धरून बसतंय. बुकिंग सेव्ह करणारी मेथड बघ, त्यात @ट्रान्झॅक्शनल (म्हणजे सगळी मेथड एकाच डेटाबेस व्यवहारात चालते) लावून आतूनच पेमेंट गेटवेला कॉल केलायस का? बहुतेक वेळा हेच निघतं, गेटवे ८ सेकंद घेतो आणि तेवढा वेळ कनेक्शन फुकट अडकून राहतं, असे दहा जण आले की पूल संपला. तो कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढ. हिकारीचं लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड (कनेक्शन किती वेळ अडकलं की इशारा द्यायचा ते) १०००० मिलिसेकंद ठेव, कोण परत देत नाही ते स्टॅक ट्रेससकट लॉगमध्ये दिसेल. कनेक्शनची वाट बघायचा ३० सेकंदांचा टाइमआउट मात्र वाढवू नकोस हां, उलट ५ सेकंदांवर आण.