आई म्हणते, घर तुझ्या नावावर करून टाक

"ताई, साताऱ्यात वडिलांनी बांधलेलं घर आहे. वडील २०१९ साली गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. आई ७६ वर्षांची. १२ वर्षं तिचं सगळं मीच बघतो. ती म्हणते, 'घर तुझ्या नावावर करून टाक, मी सुटले.' बक्षीसपत्र २०० रुपयांत होतं म्हणे. नागपूरची बहीण 'मला काही नको' म्हणते, पण सहीचा विषय निघाला की गप्प. माझं काय चुकतंय?"

चुकत काही नाही, घाई मात्र होतेय.

२०० रुपयांचं खरं आहे. महाराष्ट्रात आईने राहतं घर मुलाला बक्षीस दिलं तर मुद्रांक तेवढाच, बाकी खर्च वेगळा. पण बक्षीस द्यायची वस्तू आधी आपली असावी लागते. तुम्हाला हिंदू वारसा कायदा लागू आहे असं धरते. मग वडील गेले तेव्हाच घराचे तीन सारखे वाटे झाले: आई, तुम्ही, बहीण. आई फार तर तिचा वाटा देऊ शकेल. बहिणीचा हवा असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागेल. 'मला काही नको' हे फोनवरचं वाक्य तिथे चालत नाही.

ती गप्प का बसते, हे तिला विचारलंत का कधी? सही मागा म्हणत नाही, विचारा म्हणतेय. नागपूरला जा. भाऊबीजेला ती आली की उरकू, असं मनात असेल तर कृपा करून नको. ओवाळणीच्या ताटाशेजारी स्टॅम्पपेपर ठेवलेली घरं मी पाहिली आहेत. सही होते, पुढच्या वर्षी बहीण येत नाही. तिने वाटा मागितला तर तो हावरटपणा नव्हे. तुमच्या १२ वर्षांचं मोल तिच्यासमोर जरूर मांडा, पण तिच्या वाट्याची किंमत म्हणून नको.

आता आई. नोंदवलेलं बक्षीसपत्र तिला मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. तुम्ही तिला अंतर देणार नाही, मान्य. पण उद्या तुम्हालाच काही झालं, तर दिलेल्या वाट्यात ती तुमच्या बायकोमुलांबरोबरची एक वाटेकरी होईल. त्यापेक्षा तिने स्वतःच्या वाट्याचं मृत्युपत्र करावं. दोन साक्षीदार पुरतात, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक असली तरी करून घ्यावी. आणि ती हयात असेपर्यंत केव्हाही बदलू शकते.

बक्षीसपत्रच करायचं ठरलं तर आईच्या सांभाळाची अट त्यातच घाला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ तिला त्या अटीच्या जोरावर दाद मागू देतं. ही अट वकिलाला तुम्हीच सांगा, आईला सांगायला लावू नका.

आणि हो, 'मी सुटले' म्हणजे कशातून, तेही आईला विचारा. घरपट्टी अजून वडिलांच्याच नावाने येते का? तसं असेल तर आधी तिघांची वारसनोंद करून घ्या. कदाचित तिच्या जिवाला तेवढाच घोर लागला असेल.