सत्तावीस कामांची यादी

"मॅडम, मी इतकी थकते, म्हणजे माझा विश्वासच कमी पडतो का?"

चर्चच्या आवारातल्या माझ्या छोट्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. बहुतेक बायाच विचारतात. या ताईंनी विचारला तेव्हा त्यांच्या मांडीवर एक वही होती, म्हणून त्या लक्षात राहिल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ताई पिंपरी-चिंचवडच्या, वय ३८, शाळेत शिक्षिका. नवरा कंपनीत शिफ्टला, घरात दोन मुलं आणि सासूबाई. शिवाय महिला मंडळाचं चिटणीसपद आणि रविवारच्या शाळेचा वर्ग. वहीत रोज रात्री उद्याची यादी लिहायच्या. त्या दिवशीची मी मोजली तर २७ कामं निघाली. पहिलं 'चारला उठणे', शेवटचं 'ओटा'. कामवाल्या मावशींनी घासलेली भांडी त्या रात्री पुन्हा विसळायच्या. यादीवर खाडाखोड झाली तर अख्खं पान नव्याने लिहायच्या.

वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर वर्षभरात बायबल वाचून पूर्ण करण्याचा तक्ता चिकटवला होता. आपल्या बायबलात ११८९ अध्याय, म्हणजे रोजचे तीन-सव्वातीन. ऑगस्टपर्यंत प्रत्येक चौकोनात निळी खूण. मग धाकट्याला डेंग्यू झाला, पाच दिवस दवाखान्यात गेले, आणि तिथून पुढे तक्ता कोरा. "ते सोळा अध्याय भरून काढल्याशिवाय पुढचे कसे वाचू?" भरून काढायला वेळ नाही, म्हणून दोन महिने वाचनच बंद. प्रार्थनेला बसायचीही लाज वाटू लागली होती. सगळं चोख हवं असणाऱ्याला लोक कामसू समजतात. माझ्या पाहण्यात मात्र अशा माणसांची निम्मी कामं सुरूच होत नाहीत, कारण बिनचूक होणार नसेल तर हात कशाला लावायचा!

पहिल्याच भेटीत मी चूक केली. लूकच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातली मार्था आणि मरीया काढली: मार्था घरकामात गढलेली, तिची बहीण मरीया येशूच्या पायाशी ऐकत बसलेली, आणि येशू म्हणतो, "मार्था, मार्था, तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग करतेस." ताईंनी ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मी मरीयेसारखी बसले तर डबे कोण भरणार?" मग डोळे भरून आले. मी त्यांच्या यादीत अठ्ठाविसावं काम घातलं होतं: निश्चिंत होणे. थकलेल्या माणसाला वचन देण्याआधी तो कशाने थकलाय ते विचारावं, हे मी इतरांना शिकवते आणि स्वतः विसरले.

दुसऱ्या वेळी झोप, जेवण आणि पाळी एवढंच विचारलं. झोप पाच तास. सकाळचं जेवण म्हणजे मुलांच्या डब्यातलं उरलेलं. डॉक्टरांकडून रक्त तपासून यायला सांगितलं. हिमोग्लोबिन निघालं ९.१, बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. तेव्हा मी एलीयाची गोष्ट काढली. कार्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळतो आणि झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला काय देतो? निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खातो, झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला लावतो. मग चाळीस दिवसांची वाट, आणि देवाशी बोलणं त्याच्याही पुढे. ताई पहिल्यांदा हसल्या. "म्हणजे आधी लोहाच्या गोळ्या."

पण खरी गाठ बायबलातल्या नीतिसूत्रांच्या ३१व्या अध्यायात होती. लग्नात पाळकसाहेबांनी सद्गुणी स्त्रीवर संदेश दिला होता आणि ते वचन फ्रेम करून स्वयंपाकघरात लावलेलं होतं. ती स्त्री रात्र सरायच्या आत उठते, तिचा दिवा रात्री विझत नाही. ताई हे वेळापत्रकासारखं वाचत होत्या. आम्ही दोघींनी तो भाग सावकाश वाचला. ती शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, सूत कातते, वस्त्रं करून विकते. एका दिवसात? मूळ हिब्रूत या २२ ओव्या २२ अक्षरांच्या क्रमाने रचल्या आहेत, म्हणजे आपल्याकडे 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत कौतुक करावं तसं. यहुदी घरांत शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, सुरू होताना हे गाणं घरच्या बाईसाठी म्हणायची रीत आहे. काम संपवून ती बसलेली असते आणि बाकीचे तिची स्तुती करतात. शिवाय पंधराव्या ओवीत दासी आहेत. "बघा, तिच्याकडेही मावशी होत्या," मी म्हटलं, "आणि त्यांनी घासलेली भांडी ती पुन्हा विसळायची असं कुठे लिहिलेलं नाही."

मग मी विचारलं, ओटा राहिला की मनात कोण बोलतं? ताई बराच वेळ गप्प होत्या. लहानपणी त्या बोर्डिंगमध्ये होत्या. तिथल्या एक बाई रोज सकाळी पलंगांवरून हात फिरवायच्या, आणि चादरीला सुरकुती दिसली की सगळ्यांसमोर म्हणायच्या, देव बघतोय हं. तीस वर्षं तोच आवाज देवाचा म्हणून चालला होता. यावर मी काही बोलले नाही. त्याच म्हणाल्या, "प्रभू असं बोलत नाही, नाही का?"

समज आली म्हणून सवय जात नाही. त्यासाठी गृहपाठ: रात्री एक वाटी मुद्दाम सिंकमध्ये ठेवायची, बेचैनी शंभरपैकी किती ते लिहायचं आणि सकाळी पुन्हा लिहायचं. पहिल्या रात्री आकडा ८५, आणि बारा वाजता उठून वाटी घासली! मी म्हटलं, ठीक, उद्या चमचा ठेवा. तिसऱ्या आठवड्यात वाटी सकाळपर्यंत टिकली आणि आकडा ३० वर आला. यादीत 'आजच' आणि 'मीच' असे दोन रकाने केले. दोन्हींत बसणारी कामं नऊच निघाली. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे, त्यालाही सासऱ्याने, इथ्रोने, हेच सांगितलं होतं: एकट्याने सगळ्यांचा न्याय करत बसशील तर तू झिजशील आणि लोकही. डबे नवऱ्याकडे गेले. ते पोळीचा रोल वाकडा करतात, ही तक्रार अजून आहे.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही, हेही सांगते. तीच प्रार्थना चुकली म्हणून वीस-वीस वेळा म्हणणं, क्षमा मिळाली तरी तेच पाप पुन्हापुन्हा कबूल करत राहणं, हा मंत्रचळ (ओसीडी हा मनाचा आजार) असू शकतो. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरसुद्धा मठात असताना तासन्‌तास पापकबुली देत बसत. अशा वेळी मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. औषध घेणं हा अविश्वास नाही. जगणंच नको वाटत असेल तर थांबू नका. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

ताईंना सर्वांत धास्ती सासूबाईंची होती. सिंकमधली वाटी त्यांना दिसली तर? दिसलीच. त्या म्हणाल्या, "आम्ही कुठे रात्री भांडी घासायचो? नळच पहाटे यायचा." पंधरा वर्षं एका घरात राहून हे दोघी कधी बोलल्या नव्हत्या.

नाताळच्या आदल्या आठवड्यात ताई येऊन गेल्या. करंज्या या वर्षी बचत गटाकडून घेतल्या, सारण जरा कमी गोड आहे म्हणाल्या. वही उघडून तक्ता दाखवला. नोव्हेंबरपासून पुन्हा निळ्या खुणा होत्या, मधली जागा तशीच सोडलेली. डेंग्यूच्या त्या पाच चौकोनांत मात्र धाकट्याने एक मोठा डास काढून ठेवला होता, आणि त्यांनी तो खोडला नव्हता.