घरशाळा: टाइमटेबल, ग्रुप आणि दहावीचं टेन्शन

प्रश्न: मुलगी 7 वर्षांची. जूनमध्ये शाळेतून काढली, घरी 9 ते 12 टाइमटेबल लावलंय, पण रोज रडारड. ताई, आमचं काय चुकतंय? (नाशिक)

टाइमटेबल आजच भिंतीवरून काढा. शाळा सोडली खरी पण घरात परत शाळाच मांडली, फक्त बाईंच्या जागी आई आली आणि आईवर राग काढता येतो, म्हणून ही रडारड. पहिले दोन-तीन महिने काही शिकवूच नका. रात्री गोष्ट वाचून दाखवा, बाजारात न्या, गवार पाव किलो 30 तर अर्धा किलोचे किती हे तिलाच भाजीवाल्या मावशींना विचारू द्या, सुट्टे पैसे तिलाच मोजू द्या. निवांत म्हणजे वाऱ्यावर सोडणं नाही हं. रोज रात्री वहीत दोन ओळी लिहा, आज तिने काय विचारलं, कशात रमली. माझा मुलगा साडेआठ वर्षांचा होईपर्यंत स्वतःहून वाचत नव्हता, माझी झोप उडाली होती, आणि शेवटी तो वाचायला लागला ते पेपरमधल्या क्रिकेटच्या स्कोअरवरून. पण वाचन लांबतंय असं वाटलं तर डोळे आणि कान तपासून घ्या, त्यात हयगय नको.

प्रश्न: आम्ही पाच कुटुंबं आठवड्यातून दोनदा जमतो. एकांना सिलॅबस हवा, एक म्हणतात नुसतं खेळू दे, एक तर मूल सोडून सरळ कामाला जातात. ग्रुप मोडायला आलाय. (कोथरूड, पुणे)

सिलॅबसचं भांडण मिटेल, पण मूल सोडून जाणं आधी थांबवा. त्याने ग्रुपचं पाळणाघर होतं आणि थांबणारे दोघं-तिघंच दमून जातात. प्रत्येक घरातलं एक मोठं माणूस थांबणार, आजी-आजोबा आले तरी चालेल, हे पहिल्याच दिवशी ठरवायला हवं होतं. खर्च सामानापुरता, वर्गणी काढून. आठवडाभर वर्ग, फी, दारावर पाटी असं करू नका, कारण आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 18 प्रमाणे मान्यता नसताना शाळा चालवली तर 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

आता सिलॅबस. आमच्या बुधवारच्या ग्रुपमध्ये एका बाबांनी सायकलचं पंक्चर काढायला घेतलं. घमेल्यात पाणी, त्यात ट्यूब थोडी थोडी फिरवत नेली, बुडबुडा आला तिथे एका पोरीने बोट दाबून धरलं ते सोडेचना, मग घासकागद, सोल्यूशन, आणि ते सुकेपर्यंत थांबायचं. 5 वर्षांपासून 12 पर्यंतची सगळी पोरं तासभर घमेल्याभोवती! पुढच्या बुधवारी मी उत्साहाने हवेच्या दाबाची वर्कशीट नेली तर दहा मिनिटांत सगळी अंगणात पसार. म्हणून सांगते, ज्या मोठ्या माणसाला जे मनापासून येतं ते त्याने मुलांसमोर करावं, ज्याला यायचंय तो जवळ येतो. ज्यांना सिलॅबस हवाय त्यांनी तो आपल्या घरी चालवावा, काही मुलांना तो आवडतोही, पण ग्रुपवर लादू नये.

प्रश्न: सासरे म्हणतात हा गुन्हा आहे, आणि दहावीचं काय करणार? (रत्नागिरी)

त्यांची काळजी खरी आहे, उडवून लावू नका, शांतपणे सांगा. आरटीई कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून, 6 ते 14 वयासाठी. कलम 10 मध्ये मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण त्यासाठी पालकांना शिक्षेची तरतूद नाही, आणि होमस्कूलिंगबद्दल कायद्यात वेगळं काही लिहिलेलंच नाही. उद्या परत शाळेत जावंसं वाटलं तर कलम 4 मुळे वयाप्रमाणे वर्ग मिळतो. दहावीसाठी एनआयओएस आहे, केंद्र सरकारचं ओपन स्कूल. वय 14 पूर्ण, किमान पाच विषय, त्यात एक तरी भाषा. मराठी माध्यम आहे, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि पाच वर्षांत नऊ वेळा बसता येतं, म्हणजे एकेक विषयही सोडवता येतो. घरीच शिकलेली मुंबईची मालविका जोशी दहावी-बारावी न करता 2016 मध्ये थेट अमेरिकेतल्या एमआयटीत गेली हे लोक सांगतील, पण तिच्याकडे इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाडची, म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची, तीन पदकं होती, आणि बारावी नसल्याने आयआयटीची दारं तिला बंदच होती. म्हणून दहावी-बारावीची वाट उघडी ठेवा.

प्रश्न: आम्ही दोघंही फुल टाइम नोकरी करतो, जमेल का? (ठाणे)

दोघंही दिवसभर बाहेर आणि घरी दुसरं कुणी नाही, तर आत्ता नको. शिफ्ट बदलून एक जण घरी राहू शकला की परत लिहा, तेव्हा नीट बोलू.